घाटावर एकतीस, घाटाखाली बहात्तर

बुलढाणा, ३ जुलै १९६४

खोली मिळाली एकदाची. शालूबाई नावाच्या एका बाईंच्या घराची मागची बाजू. वर टिनाचं छप्पर, बाजूला मोरी, दाराशी शेवग्याचं झाड. मी ट्रंक आणि वळकटी उतरवून घेत होतो तेव्हा शालूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"बाई-लेकरं मांगून येऊन राह्यले का?"

"नाही, मी एकटाच."

"एकटेच? अरे देवा!" असं म्हणून त्या आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. त्या 'अरे देवा'त दया होती. मला दया केलेली आवडत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातून विदर्भात यायला कोणी तयार नव्हतं. मी झालो. आई गेल्यावर संगमेश्वरच्या घरात थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि लग्नाचं म्हणाल तर तिच्या आजारपणात राहूनच गेलं. आता वयाची पंचेचाळिशी आली. पूर्वी अकरा वर्षं मास्तरकी केली, मग शाळा तपासनीस झालो. इथेही तेच काम. खेड्यापाड्यात आमच्या जातीच्या प्राण्याला 'दिपोटी' म्हणतात. मला आज एस. टी.त कळलं, शेजारच्या म्हाताऱ्यानं "दिपोटी हाय" असं सांगताच दोन माणसं सरकून बसली. जागा ऐसपैस मिळाली, पण मग सबंध रस्ता कोणी बोललं नाही.

१० जुलै

हा जिल्हा दोन मजली आहे. असं आमचे हेडक्लार्क भाऊराव म्हणतात. वरचा मजला घाटावर, खालचा घाटाखाली. घाटाखाली काळी जमीन, कापूस, सरकी काढायचे जिन, आगगाडी. घाटावर बुलढाण्याच्या कचेऱ्या आणि दूरदूरची गावं. कोकणात आम्ही सगळ्या देशावरच्यांना 'घाटी' म्हणायचो. इथं घाटावरचेही घाटाखालच्यांकडे बघून नाक मुरडतात आणि ते ह्यांच्याकडे बघून. आहे की नाही मजा!

मोठ्या साहेबांनी, म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांनी, मला काम दिलं आहे. घाटावर एका वर्गात किती मुलं बसतात आणि घाटाखाली किती, ते गावोगाव फिरून मोजायचं. एका शिक्षकामागे चाळीस मुलं हा हिशेब. जिथं मुलं कमी आणि मास्तर जास्त, तिथला मास्तर उचलायचा आणि जिथं गर्दी आहे तिथं द्यायचा. मला हे काम मनापासून पटलं. माझ्या कोकणातल्या शाळेत सतरा मुलं होती. इतक्या मुलांना शिकवणं म्हणजे चैन. एकाला चैन आणि दुसऱ्याला चेंगराचेंगरी, हे काही बरोबर नाही.

भाऊराव म्हणाले, "पटावरचे आकडे मागवून घेऊ का साहेब? आठ दिवसांत काम खलास."

मी म्हटलं, पटाचं नाव काढू नका. पट म्हणजे कागद. मास्तर मंडळी पटावर काय काय चढवतात ते मी चांगलं ओळखून आहे. मी स्वतः जाणार, डोळ्यांनी पाहणार, डोकी मोजणार.

२२ जुलै

धामणखेड. घाटाखालचं बाजारगाव. पहिलीच्या वर्गात बहात्तर मुलं! एक खोली, एक मास्तर. सहदेव नावाचा तरणा पोरगा, त्याचा घसा पार बसलेला. खिडकीच्या कट्ट्यावर मुलं, उंबऱ्यावर मुलं, मास्तरांच्या खुर्चीखाली दोन. मी आत शिरलो तर एकाच्या पाटीवर पाय पडला. त्यानं भोकाड पसरलं, त्याचं पाहून दुसऱ्यानं. सहदेव मास्तर माझ्या कानाशी येऊन घोगऱ्या आवाजात म्हणाला, "साहेब, मले नावंबी पाठ नाही झाले अजून. काही पोरं कवा येतात, कवा जातात, मले समजतच नाही."

मला राग आला. त्याचा नाही, ह्या व्यवस्थेचा. ह्याला दुसरा मास्तर मिळवून दिल्याशिवाय मी नावाचा मुळ्ये नाही.

परत येताना मोताळ्याच्या पुढे गाडी घाट चढू लागली आणि कानातला तो गलका हळूहळू गेला. खोलीवर आलो तर इतकं शांत की शेगडीवर शिजणारा माझा भातसुद्धा ऐकू येत होता. ह्यापेक्षा त्या बहात्तरांचा आरडाओरडा बरा, असं एकदा मनात आलंच.

५ ऑगस्ट

आज घाटावरच्या मास्तरांची सभा होती. मी दोन शब्द बोललो. मागच्या आठवड्यात एका शाळेत मुलं कशी न्हाऊनमाखून, धुतलेले सदरे घालून, बटणं लावून बसली होती, ते सांगितलं. म्हटलं, मुलं अशी दिसली पाहिजेत. मळक्या अंगानं, शेंबड्या नाकानं मूल वर्गात बसलेलं मला तरी बघवत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. दोघांनी तर लिहून घेतलं. आमच्या बोलण्याचा काही उपयोग होतो म्हणायचा.

१७ सप्टेंबर

सावळखेडी. साखरखेर्ड्याला उतरून पुढं पायी. नेहमीप्रमाणे चार दिवस आधी पोस्टकार्ड टाकलं होतं. त्यामुळे सगळं व्यवस्थित होतं. भिंतींना नवी पांढरी माती, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. दोन शिक्षक. शेषराव गुरुजी, पन्नाशीचे, डोक्याला पांढरा पटका. आणि सिंधूताई, पंचविशीतली बाई, गावातल्याच बौद्ध वस्तीतली सून, पहिली-दुसरी शिकवते.

चारही वर्ग मिळून मुलं एकतीस. दोघांना एकतीस! पटावर सहासष्ट, आणि रोजची हजेरी पाहावी तर साठ, बासष्ट. मी येतो त्याच दिवशी निम्मी पोरं कुठं जातात? मी काय दुधखुळा आहे? पण जी होती ती मात्र पाहत राहावी अशी. तेल लावून भांग पाडलेला, सदरे धुतलेले. एकालाही शेंबूड नाही. आणि शांत इतकी की मी प्रश्न विचारला तरी हू की चू नाही. एकीला विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" तिनं आधी सिंधूताईंकडे पाहिलं, मग खाली. नाव काही कळलं नाही.

खोलीच्या कोपऱ्यात बसायची तरटं गुंडाळून ठेवली होती, माझ्या गुडघ्याइतकी उंच चळत. एकतीस मुलांना इतकी तरटं काय करायची? उधळपट्टी.

बाहेर बघितलं तर शाळेसमोरच्या कडुलिंबाच्या झाडावर सात-आठ उघडी पोरं माकडांसारखी बसलेली. बांधावर एक पोरगी कडेवर लहान भावाला घेऊन उभी. माझ्याकडेच टक लावून बघत होती. शाळा दहा पावलांवर आणि ही पोरं झाडावर! मी शेषरावांना चांगलं सुनावलं. म्हटलं, गावात उनाड पोरं फार दिसतात तुमच्या. शाळा समोर असून आत येत नाहीत, आईबापांना सांगत का नाही?

"हो साहेब," ते म्हणाले.

"आणि ही हजेरी?"

"हो साहेब."

हो काय हो! पुढं एक शब्द नाही. नुसते पटक्याच्या टोकानं तोंड पुसत उभे. सिंधूताई काहीतरी बोलायला पुढं आल्या, तर त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं. चोर सापडला की असाच गप्प बसतो. मग चहा आला, निव्वळ दुधाचा. गावानं कुठून कुठून दूध गोळा केलं असणार. मी अर्धाच प्यालो.

८ ऑक्टोबर

घाटावरच्या अकरा गावी जाऊन आलो. सगळीकडे तेच. वर्गात मुलं थोडी, पण गोमटी. पट फुगलेला. झाडांवर उनाडांची वस्ती. घाटाखालच्या बाजारगावांत मात्र पाय ठेवायला जागा नाही. म्हणजे अनुमान साधं आहे. घाटाखाली पैका खेळतो, बापाला शिक्षणाची किंमत कळते. घाटावर अजून ती जाण यायची आहे.

भाऊरावांना सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "साहेब, एखाद्या बारी पोस्टकार्ड न टाकता जाऊन पाहा ना."

"म्हणजे मास्तरच सापडायचे नाहीत, आणि माझी खेप फुकट."

"नाही, आपलं म्हनलं."

ह्या भाऊरावांना कामात खोड काढायची सवय आहे.

५ नोव्हेंबर, पाडवा

कचेरीला सुटी. सकाळी उटणं लावायचं कोणाला आणि कोणी. तसंच ऊन पाणी अंगावर घेतलं. शालूबाईंनी ताटलीत चार करंज्या, शेव आणि दोन अनारसे पाठवले. त्यांच्या नातवंडांनी अंगणात किल्ला केला आहे. मी बघायला गेलो तर सगळी एकदम गप्प झाली आणि थोरल्यानं धाकट्याच्या चड्डीची गाठ घाईघाईनं बांधली. मी म्हटलं, छान आहे किल्ला. मी परत आलो. माझं दार लागल्यावर पुन्हा त्यांचा दंगा सुरू झाला.

सरळ लिहितो. फार एकटं वाटतं. इतकं की आज मी ट्रंकेतली आईची पानसुपारीची चंची काढून तिच्याशी चार शब्द बोललो. माझ्यात असं काय आहे की मी गेलो की माणसं मिटतात? मी तर कोणाला साधं रागावूनही बोलत नाही. शेषराव सोडून.

२४ नोव्हेंबर

अहवाल गेला. घाटावरचे नऊ शिक्षक जास्तीचे ठरवले. त्यात पहिलं नाव सावळखेडीच्या सिंधूताईंचं, त्यांची बदली धामणखेडला. शेषराव गुरुजींच्या नावापुढे 'हजेरी संशयास्पद, चौकशी व्हावी' असा शेरा मारला. हात जरा थांबला होता. पण डोळ्यांनी जे पाहिलं ते लिहायचं नाही तर काय लिहायचं?

१२ डिसेंबर

सिंधूताई कचेरीत आल्या. बदलीचा हुकूम हातात, कडेवर वर्षाचं मूल, सोबत नवरा, जानराव. तो बाहेर पायरीवरच बसला, कितीही बोलावलं तरी आत येईना.

"साहेब, धामणखेड घाटाखाली. दोन एस. ट्या बदलून जा लागते. हे लेकरू अंगावरचं हाय. मालकाची शेतमजुरी इथं, सासू आंधळी. मले नौकरी सोडाच लागन."

मी समजावलं. म्हटलं, बाई, तिकडे एका खोलीत बहात्तर मुलं आहेत. तुमच्याकडे दोघांत एकतीस. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

"पोरं येतात साहेब. रोज येतात."

"मग मी आलो तेव्हा कुठं होती?"

त्या बोलणार होत्या. ओठ उघडले. मग मुलाच्या तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "ते तुम्ही गुरुजीलेच इचारा. मले त्यायनं शपथ घातली हाय. गावाच्या इज्जतीची बात हाय."

इज्जत! खोट्या हजेरीत कसली इज्जत? मी म्हटलं, जानेवारीअखेर रुजू व्हावं लागेल. त्या उठल्या. मूल माझ्या टाकाकडे हात करत होतं. मी तो द्यावा की देऊ नये ह्या विचारात असताना त्या निघूनही गेल्या. भाऊराव सबंध दिवस माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत.

७ जानेवारी १९६५

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुसऱ्याच एका गावी निघालो होतो. साखरखेर्ड्याच्या अलीकडे एस. टी.च्या स्प्रिंगचा पाटा तुटला. ड्रायव्हर म्हणाला, आता संध्याकाळपर्यंत काही नाही. उन्हात बसण्यापेक्षा सावळखेडी जवळ, तिथं पाणी तरी मिळेल म्हणून आडवाटेनं निघालो. तूर कापणीला आली होती. गावाच्या शंभर हात अलीकडेच मला आवाज ऐकू आला. पाढे चालले होते. बे एके बे नव्हे, आवाजाचा नुसता पूर. मला वाटलं जत्रा आहे.

शाळेच्या दारात पोचलो आणि जागच्या जागी थांबलो. खोली गच्च भरली होती. ती सगळी तरटं अंथरलेली. तिघी-चौघींच्या मांडीवर लहान भावंडं. एक पोरगं फक्त करगोट्यावर, अंगाला धुळीचा थर, नाक वाहतंय, आणि सगळ्यांच्या वर सूर लावून 'सात पंचे पस्तीस' म्हणतंय. झाडावरची ती उघडी माकडं पुढच्या रांगेत! बांधावरची पोरगी फळ्याशी उभी राहून सगळ्यांना पाढे देत होती, कडेवर भाऊ तसाच. सिंधूताई हसत होत्या. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं.

मग कोणीतरी मला पाहिलं. "दिपोटी!"

आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. कोणी सांगितलं नाही, कोणी ओरडलं नाही. उघडी पोरं उठली. फाटक्या परकराच्या पोरी उठल्या. लहानग्यांना उचललं, पाट्या घेतल्या, आणि मागच्या दारानं, एकामागून एक, आवाज न करता बाहेर. सवयीचंच होतं त्यांना. शेवटी राहिलेल्या दोघांनी तरटंसुद्धा गुंडाळली. खोलीत उरली सदरेवाली तेवढी. मोजायची गरज नव्हती.

मी विचारलं, "हे काय? ही मुलं का गेली?"

शेषराव गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सिंधूताई मात्र आज थांबल्या नाहीत. "काऊन म्हंजे? तुम्ही आले म्हणून! तुम्हीच सभेत सांगतलं ना, मळकं लेकरू तुमच्यानं पाहवत नाही म्हणून? मंग काय कराव गुरुजीनं? निम्म्या गावाच्या लेकरायले एक सदरा हाय, नाहीतर तोबी नाही. तुमचं कारड आलं की मायबाप खुद लेकराले घरी ठेवतात. साहेबापुढं उघडं लेकरू कसं बसवाव? गावची लाज हाय ना. गुरुजीवर खोटी हजेरी लागली तरी त्यायनं तोंड नाही उघडलं, की माह्या गावाच्या लेकरायले कपडे नाही हे साहेबाले कसं सांगू! सगळ्या घाटावर असंच चालू हाय!"

"सिंधू, बस झालं," शेषराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

मी पाणी मागितलं. ते प्यालो आणि निघालो. माघारी चालताना मागं पुन्हा पाढे सुरू होतील म्हणून ओढ्यापर्यंत कान लावून चाललो. झाले नाहीत. मी नजरेआड झालो हे त्यांना कळलं नसावं.

कागद खरा होता, आणि माझे डोळे खोटे. मी येणार म्हणूनच मुलं नव्हती. पाच महिने मी मुलं मोजत फिरलो आणि मोजायच्या आधी त्यांना हाकलत फिरलो. शरम वाटते. दुसरं काही नाही.

११ जानेवारी

मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. ते चिडले. "अहो मुळ्ये, हुकूम निघालेत. तुमच्याच सहीनं."

मी म्हटलं, माझ्याच सहीनं मागे घेतो.

"असं तोंडी चालत नाही. पुन्हा जा. 'समक्ष वर्गात बसलेली मोजली' असं लिहून सही करा, तरच सावळखेडीचं बघतो. ऐकीव आकडा घेणार नाही."

बरोबर आहे त्यांचं. त्या दिवशी मोजायच्या आत ती उठून गेली होती. पण मी गेलो तर मुलं उठणार, आणि न जाता मोजली म्हणायचं कसं? चांगलाच कोंडलो आहे.

१९ जानेवारी

सावळखेडी. ह्या वेळी कार्ड टाकलं नाही. तरी ओढ्यापाशीच गुरं राखणाऱ्यानं बघितलं आणि माझ्याआधी बातमी पोचली. शाळेत सदरेवाली. बाकीची लिंबाखाली.

मी शेषरावांचे हात धरले. म्हटलं, गुरुजी, माझं चुकलं. सगळ्यांना आत बोलवा. तुमच्या नावापुढचा शेरा मी खोडतो, पण ही मुलं मला वर्गात बसलेली मोजता आली नाहीत तर सिंधूताई जातील. पहिली-दुसरीला कोण?

त्यांनी हाक मारली. मुलं दारापर्यंत आली आणि थांबली. आत पाऊल टाकेनात. सिंधूताईंनी बोलावलं. जनकाबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत आली, तिनं नातवाला ढकललं, "जा ना बे!" नातू म्हातारीच्याच लुगड्यात शिरला. एक पोरगी उघड्या खांद्यांवर दोन्ही हात आडवे धरून उभी होती. सहा-सात वर्षांची असेल. ती लाज मी तिला दिली होती.

मी कोट काढला. खुर्चीवर ठेवला. मग सदरा काढला. मग चप्पल काढून तरटावर त्या सगळ्यांत जाऊन बसलो, गंजिफ्रॉकवर. माझा गंजिफ्रॉक पाठीवर वीतभर फाटलेला. एकट्या माणसाच्या पाठीला कोण बघतंय, म्हणून मी तो तसाच वापरत होतो. आता सगळं सावळखेडी बघत होतं. थंडीनं अंगावर काटा आला की लाजेनं, कोण जाणे.

मग खांदे झाकलेली ती पोरगी खुदकन हसली.

"बाई, साहेबाची बनेन फाटेल हाय!"

शेषरावांनी "ए!" म्हटलं, पण उशीर झाला होता. सगळी शाळा हसली. म्हातारी हसली. मीही हसलो, आणि हसताना मला लक्षात आलं की ह्या जिल्ह्यात आल्यापासून एखाद्या मुलानं आपणहून काढलेलं हे माझ्याबद्दलचं पहिलं वाक्य. पोरगी आत आली. माझ्या पाठीमागे बसली आणि त्या भोकातून बोट घालून पाहिलं. मग सगळी आली. माझ्या मांडीला मांडी लावून, शेंबडासकट, धुळीसकट. चौसष्ट. समक्ष मोजली, बसलेली.

निघताना शेषराव म्हणाले, "साहेब, कोट घालून घ्या, गावात लोक पाह्यतीन." मी म्हटलं, पाहू देत.

२१ जानेवारी

सिंधूताईंचा हुकूम रद्द झाला. शेषरावांचा शेरा मी लाल शाईनं खोडून खाली सही केली. घाटावरचे बाकीचे आठ हुकूमही मोठ्या साहेबांनी थांबवले, तिथं कोणीतरी दुसरा, आगाऊ न कळवता, पुन्हा मोजायला जाईल. मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"आता सांगा, धामणखेडच्या बहात्तरांना कोण शिकवणार? मी?"

खरंच की. ती बहात्तर काही खोटी नव्हती. सहदेव मास्तरचा घसाही खोटा नव्हता. घाटावर कोणी जास्तीचा नव्हताच. सबंध जिल्ह्यात जास्तीचा असा एकच माणूस मला दिसला.

"मी जातो," म्हटलं.

"तुम्ही? अधिकारी आहात तुम्ही. परत मास्तर व्हायचंय?"

"अकरा वर्षं होतोच."

"कमाल आहे! अहो, लोक म्हणतील शिक्षा झाली."

म्हणोत. मी तिथंच लिहून दिलेला अर्ज त्यांनी ठेवून घेतला. मार्चअखेरपर्यंत तात्पुरतं, पुढचं पुढं, असं म्हणाले. भाऊरावांनी बाहेर येऊन पहिल्यांदा मला सुपारी दिली. शालूबाई म्हणाल्या, "जाऊन राह्यले म्हन्ता? आता कुठं नीट वळख होऊन राह्यली होती!" असं कोणी म्हणेल हे मला माहीत नव्हतं. जरा गलबललो.

धामणखेड, २ फेब्रुवारी

पहिला दिवस. खोलीत दोन तुकड्या मावेनात, म्हणून निम्मी मुलं मी शेजारच्या कापसाच्या जिनाच्या भिंतीच्या सावलीत बसवली. खुर्ची नाही, फळा भिंतीलाच. दुपारपर्यंत माझा घसा सहदेव मास्तरासारखा झाला. दोघांची भांडणं सोडवली, एकाच्या पायातला काटा काढला, एकानं माझ्या धोतराला हात पुसले. घाटाखाली ऊन आतापासूनच तापायला लागलं आहे. नावं पाठ करायला घेतली, अठरा झाली, त्यातली चार चुकली, आणि चुकल्याबद्दल मला त्या चौघांनी फार रागावून सांगितलं.

सुटी झाली. सगळी एकदम पळाली. मी खडूचे तुकडे गोळा करत होतो. एक मुलगा अर्ध्या वाटेवरून परत आला. दम लागला होता. मला वाटलं काही विसरलं असेल.

"गुरुजी, उद्या येसान ना?"

मी हो म्हटलं. आवाज निघाला नाही, घसा बसला होता. त्याला वाटलं मी काही बोललोच नाही, म्हणून तो तिथंच उभा राहिला. मग मी मान हलवली, दोनदा, जोरानं, आणि तो गेला.